‘नोकरी ठीक, पण स्वतःचं काही कधी?’ : तुमचे अनुभव

गेल्या महिन्यात हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला, तिसऱ्यांदा माझ्याच धाकट्या भावाने. सोळा वर्षं यंत्रांच्या देखभालीचं काम करते आहे आणि ते मला मनापासून आवडतं. तरी उत्तर देताना तोंडून निघालं, "सध्या तरी नोकरीच." त्या ‘सध्या तरी’चं रात्रभर वाईट वाटत राहिलं. असा दबाव सोसला असेल, त्यापायी काही केलं असेल किंवा दुसऱ्यावर आणला असेल, तर सविस्तर लिहा.

* * *

मी नोकरी सोडली होती. एका कंपनीत हिशेब बघायचो. "दुसऱ्याच्या वह्या किती दिवस लिहिणार?" हे ऐकून ऐकून चौतिसाव्या वर्षी राजीनामा दिला आणि दोन मदतनीस घेऊन हेच काम स्वतंत्रपणे सुरू केलं. कामं मिळाली. अडलं ते वसुलीत. बिलाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी यायचे, पगार मात्र एक तारखेलाच द्यायचे. वहीत नफा आणि खात्यात खडखडाट. हे गणित मला कळत होतं, पण स्वतःच्याच पैशांसाठी तगादा लावायला जीभ रेटत नसे. तिसऱ्या वर्षी बचत संपली. दोघांचे पगार चुकते करून काम बंद केलं आणि पुन्हा नोकरी धरली. वर्षभर कुणाच्या लग्नाकार्याला गेलो नाही.

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागाच्या नोंदींनुसार तिथले साधारण निम्मे नवे व्यवसाय पाच वर्षांच्या आत बंद होतात, हे मी फार नंतर वाचलं. आधी कळलं असतं तरी कदाचित सुरू केलंच असतं, पण वर्षभराचा खर्च बाजूला ठेवून. आणि बंद करताना तोंड लपवलं नसतं.

* * *

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पाळी संपताना प्रत्येक रुग्णाची नोंद पुढच्या सहकारणीला समजावून देते, मगच निघते. एवढ्या विश्वासाने काम सोपवता येणं मला फार मोलाचं वाटतं. "स्वतःचं काहीतरी" म्हणणाऱ्यांना हे माझं स्वतःचं वाटत नाही, याचा खरंच त्रास होतो.

* * *

तिशीच्या आत उडी मारली नाही तर वेळ गेली, असं मला रोज ऐकवतात. अर्थतज्ज्ञ पिएर अझुले आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संशोधनात सर्वाधिक वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. मी २६ वर्षांचा आहे. मला आधी काम शिकू द्या.

* * *

बावीस वर्षं छापखाना चालवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. रंगजुळणीत हात बसायला दोनेक वर्षं लागतात. माझ्याकडचा एक मुलगा त्यात विलक्षण होता, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा. घरच्यांनी त्यालाच धंदा काढून दिला. ज्यांना स्वतःच्या धंद्याची आतून ओढ होती, त्यांना पहिलं काम मी स्वतः मिळवून दिलं आहे. याला मात्र थांबवायला हवं होतं. मी त्याच्या घरी जाऊन बोललो नाही, हे अजून सलतं.

* * *

मी दबाव आणणारी आई. लेक प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. फोनवर माझं एकच पालुपद असायचं : स्वतःची प्रयोगशाळा कधी? हळूहळू तिचे फोन कमी झाले. वरचं सगळं वाचून काल तिला विचारलं, "आज कामावर काय केलंस?" ती आधी गप्पच झाली. मग पाऊण तास बोलत होती.