हाऊसचे दुखणे नेमके कशाचे?

‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेचा नायक, काठी टेकत चालणारा तिरसट डॉक्टर हाऊस, याच्याबद्दल एक मत मांडले जाते: ‘जखमी पुरुषाला आपल्या मायेने बरे करता येईल, ही प्रेक्षकांची सुप्त आशाच डॉ. हाऊसच्या आकर्षणामागे आहे’ हे मत मला अर्धेच पटते. तसे असते तर त्याचे दुखणे कोणतेही चालले असते. २००४ ते २०१२ या काळात चाललेल्या ‘हाऊस’ मालिकेत मात्र ते फार विचारपूर्वक निवडलेले आहे. पहिल्या पर्वातील ‘थ्री स्टोरीज’ या भागात विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तो स्वतःचीच केस सांगतो: मांडीच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडलेला, निदानाला तीन दिवस लागलेले, पाय कापण्यास त्याचा ठाम नकार, आणि तो औषधांनी आणलेल्या बेशुद्धीत असताना त्याची तेव्हाची जोडीदार स्टेसी हिने मृत स्नायू काढण्यास दिलेली संमती. ज्याचा शब्द असा डावलला गेला, तोच पुढे रुग्णांचा शब्द डावलत राहतो. त्याच्या तिरसटपणापेक्षा ही विसंगतीच मला अधिक खिळवून ठेवते.

आणखी एक गोष्ट. माझ्या वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते सवयीने काठी दुखऱ्या बाजूलाच धरत. फिजिओथेरपिस्ट बाई दरवेळी ती शांतपणे काढून दुसऱ्या हातात देत, कारण भार विरुद्ध बाजूने घ्यायचा असतो. हाऊसचा अधू पाय उजवा, आणि काठीही उजव्याच हातात. इतका निष्णात डॉक्टर एवढी साधी गोष्ट स्वतःसाठी पाळत नाही, हे लक्षात आल्यापासून त्याची चाल पाहताना मला फार वाईट वाटते.