अडल्या वेळी कामी आलेली जालावरची फुकट साधनं: अनुभव लिहा

नुसत्या याद्या जालावर ढिगाने पडल्या आहेत, त्या नकोत. कुठे अडलं होतं आणि कशाने सुटलं ते लिहा. अटी दोनच: पैसे पडू नयेत आणि खातं उघडावं लागू नये.

सुरुवात मी करतो. जुन्या लेखाचा दुवा उघडला की 'पान सापडत नाही'. तोच पत्ता वेबॅक मशीन या जुनी पानं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकला, कॅलेंडरातल्या ठिपकेवाल्या तारखेवर टिचकी मारली आणि लेख समोर! ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून पानं साठवते आहे. २००१ पासून ती कुणालाही पाहता येतात. चित्रं दर वेळी येतातच असं नाही. आता कामाचं पान दिसलं की तिथल्याच 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये टाकून ठेवतो.

रिकामटेकडी: मोठ्या पीडीएफमधली तीनच पानं पाठवायची होती. जे संकेतस्थळ उघडावं ते म्हणतं, आधी फाइल चढवा. ओळखपत्राची कागदपत्रं अशी कुठेही चढवायला मन धजेना. मग फाइल ब्राउझरमध्येच उघडली, कंट्रोल-पी दाबलं, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडलं आणि पानांच्या रकान्यात ७-९ लिहिलं. झालं!

थेंबेथेंबे: अर्जासाठी फोटो हलका करायचा तर स्क्वूश हे संकेतस्थळ. फोटो आपल्याच ब्राउझरमध्ये राहतो, बाहेर जात नाही. मधोमध उभी रेघ येते, एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला हलका. 'क्वालिटी' कमी करत जायचं आणि खालचा केबीचा आकडा अर्जाच्या मर्यादेत आला की थांबायचं. सही किंवा मजकूर असेल तर रेघ त्यावर आणून अक्षरं फुटली नाहीत ना, ते बघा.

घाईगडबड: चुकून बंद झालेला टॅब: कंट्रोल-शिफ्ट-टी. बाकी माझ्याकडे काही नाही.

शंकासुर: हॅव आय बीन पोन्ड हे संकेतस्थळ. ई-मेल टाकला की तो कुठल्या कुठल्या माहितीच्या गळतीत सापडला ते कळतं. माझ्या जुन्या पत्त्याची यादी बघून त्याच दिवशी पासवर्ड बदलले. तिथे पासवर्डही तपासता येतो म्हणे, पण ते म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या नव्हे का?

थेंबेथेंबे: @शंकासुर, नाही. पासवर्डचा हॅश (त्यापासून गणिताने बनणारी अक्षर-आकड्यांची माळ) तुमच्याच ब्राउझरमध्ये बनतो, त्यातली पहिली पाचच अक्षरं पुढे जातात. गळालेल्या पासवर्डांच्या, तशाच सुरुवातीच्या हॅशांची यादी परत येते आणि जुळणी इकडे होते. तरी धीर होत नसेल तर सरळ पासवर्ड बदला, वाद मिटला.

चष्मेवाली: नात्यातल्या ग्रुपवर 'कालच्या पुराचा' फोटो आला की मी तो टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर टाकते आणि निकाल 'ओल्डेस्ट'ने लावते. बरेचदा तोच फोटो कैक वर्षांपूर्वी दुसऱ्याच पुराच्या नावाने फिरलेला निघतो. फक्त तिथली तारीख म्हणजे टिनआयला तो पहिल्यांदा दिसला ती, काढल्याची नव्हे. आणि काही सापडलं नाही म्हणून फोटो ताजा ठरत नाही, हे काकांना अजून पटवायचंय.