पॅच आणि डिलीट फक्त एपीआयपुरते उघडायचे आहेत

प्रश्न:
नोंद वाचता येते, नवीन टाकता येते, पण दुरुस्त करायला गेलं की ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. ॲपच्या लॉगमध्ये शुकशुकाट, म्हणजे रिक्वेस्ट तिथवर पोचतच नाही. ॲपच्या पुढे मॉडसिक्युरिटी ही वेब फायरवॉल आणि तिच्यासाठीचा तयार नियमसंच कोअर रूल सेट (सीआरएस) आहे. त्याच्या लॉगमध्ये ९१११०० आणि ९४९११० हे दोन नियम दिसतात. सहकारी म्हणतो, दोन्ही बंद करून टाक. मला ते अजिबात पटत नाही. पॅच (दुरुस्ती) आणि डिलीट (खोडणं) या एचटीटीपी मेथड फक्त /एपीआय/ या पत्त्याखाली लागतात, बाकी साइट गेट (वाचणं) आणि पोस्ट (पाठवणं) यांवरच चालते.

उत्तर:
पटू देऊही नका! ९४९११० फक्त बाकी नियमांनी संशयास्पद रिक्वेस्टला दिलेल्या गुणांची बेरीज बघून अडवतो. तो बंद केलात तर एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसमध्ये चोरून कमांड घुसवणाऱ्या) रिक्वेस्टही आत येतील. खरा नियम ९१११००, तो मेथड तपासतो. तो एकटाच ५ गुण देतो आणि मूळ मर्यादा ५चीच, म्हणून एका फटक्यात ४०३.

हा नियम टीएक्स.अलाउड_मेथड्स ही यादी बघतो. मुळात तिच्यात गेट, हेड, पोस्ट, ऑप्शन्स एवढंच असतं. सेटअप फाइलमधल्या ९००२०० या नियमात ती वाढवता येते, पण मग ती सगळ्या साइटला लागू होते. त्यापेक्षा ९०० क्रमांकाच्या 'बिफोर सीआरएस' एक्सक्लूजन फाइलमध्ये स्वतःचा नियम लिहा: पाथ /एपीआय/ने सुरू होत असेल तर सेटव्हारने (व्हेरिएबलची किंमत ठरवणारी ॲक्शन) यादी बदला, ॲक्शन पास (न अडवता पुढे जाऊ द्या). जुनी चार नावंही पुन्हा लिहा, कारण सेटव्हार यादीत भर घालत नाही, ती अख्खी बदलतो. ऑप्शन्स लिहायचं राहून गेलं तर ब्राउझरची प्रीफ्लाइट (खऱ्या रिक्वेस्टआधीची परवानगीची विचारणा) अडकेल आणि तुम्ही कॉर्सचं (दुसऱ्या डोमेनवरच्या रिक्वेस्टच्या परवानगीचं) खापर ॲपवर फोडत बसाल. नियमाची फेज (तपासणीचा टप्पा) १च ठेवा. ९१११०० फेज १मध्येच चालतो, फेज २मध्ये लिहिलेलं त्याला दिसणारच नाही.

दुसरं उत्तर:
एक्स-एचटीटीपी-मेथड-ओव्हरराइड हेडरही तपासा. काही फ्रेमवर्क पोस्टसोबत हा हेडर आला की डिलीट चालवतात. फायरवॉलच्या या नियमाला मात्र साधा पोस्टच दिसतो. गरज नसेल तर ॲपमध्ये ते बंद करा.

प्रश्नकर्ता:
फेज १मध्ये नियम टाकला, पॅच चालला. /एपीआय/बाहेर ४०३ कायम आहे, तेच हवं होतं. ओव्हरराइड आमच्या फ्रेमवर्कमध्ये चालू निघालं, बंद केलं. आता अख्ख्या यादीच्या पत्त्यावर डिलीट पाठवला की ४०५ ('ही मेथड इथे चालत नाही') येतो. हा कुठून?

उत्तर:
हा बहुतेक तुमच्या ॲपचाच. डिलीट फायरवॉल ओलांडून गेला, पण त्या पत्त्यावर ॲप तो स्वीकारत नाही. ४०५सोबत अलाउ हेडर (चालणाऱ्या मेथडची यादी) येतोय का बघा, आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकाप्रमाणे तो बंधनकारक आहे.