नुसत्या संपादनसंख्येवर सत्कार नको

खानापूरकर (धागाकर्ता):
बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आपण काही जण मराठी विकिपीडियावर लिहितो. वर्षअखेरीला पाच जणांचा सत्कार करायचं ठरतंय आणि निकष एकच, संपादनांची संख्या, म्हणजे लेखांत किती वेळा बदल करून जतन केले तो आकडा. मला हे अजिबात पटत नाही. शंभर लेखांना एकेक वर्ग (लेख कुठल्या विषयात मोडतो ती खूण) जोडला की तासा-दोन तासांत शंभर संपादनं होतात. आपल्यातला एक जण हलशीच्या देवळांच्या फोटोंसाठी तीनदा गेला, कारण कोरीव काम तिरप्या उन्हातच उठून दिसतं, भर दुपारी दगड सपाट वाटतो. त्याच्या नावावर संपादनं जेमतेम चार.

अनगोळचा:
दादा, आकडा निदान सगळ्यांना सारखा असतो. तो काढला की मग कुणाचं काम मोठं हे ठरवणार कोण? पाच-सहा जण बसून ठरवणार आणि तोंड बघून नावं काढणार. गावातल्या गणेश मंडळांत हेच बघत आलोय की! मी रात्री जागून वर्ग नीट लावतो, त्यामुळेच वाचकाला लेख सापडतात. ते काम हलकं नाही.

निपाणीची:
हलकं कोण म्हणतंय? पण माझंही ऐका. मी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या ग्रंथालयासारख्या भावंड प्रकल्पावर, जुन्या पुस्तकांची पानं तपासते. यंत्रानं वाचलेल्या मजकुरात ‘घ’चा ‘ध’ झालेला असतो, ‘भ’चा ‘म’, जोडाक्षरं तर पार मोडलेली. मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावायची. एका पानाला पाऊण तास जातो आणि मोजताना ते एकच संपादन. तेवढं करून पानाची खूण पिवळी होते, म्हणजे एकदा तपासलेलं. हिरवं, म्हणजे पक्कं, व्हायला दुसऱ्या कुणीतरी ते पुन्हा वाचावं लागतं, आणि त्या दुसऱ्याचं तर नावही कुणी घेत नाही.

शहापूरकर:
मुळात सत्कारच कशाला? १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. आता एकानं ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ करायचं, दुसऱ्यानं ते परत फिरवायचं, असं दहा वेळा झालं तर दोघांचाही आकडा वाढतो. चर्चापानावर संदर्भ देऊन वाद मिटवणाऱ्याची संपादनं दोनच. बक्षीस लावलं की माणसं बक्षिसासाठी काम करतात. मला तरी शाल-श्रीफळ नको.

खानापूरकर:
शहापूरकर काका, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, पण सत्कारच नको हे मान्य नाही. नवीन पोरं पहिल्या महिन्यातच गळतात, कुणी दखलच घेत नाही म्हणून. विकिपीडियावर बार्नस्टार, म्हणजे सदस्याच्या पानावर लावायचा कौतुकाचा तारा, २००३ पासून आहे. तो कुणीही सदस्य कुणालाही देऊ शकतो, कशासाठी ते दोन ओळींत लिहून. समिती लागत नाही. अनगोळकर, तोंड बघून दिला तर तो सगळ्यांसमोर दिसेलच की. वर्गांसाठी पहिला तुम्हालाच देतो, मनापासून.

अनगोळचा:
द्या, घेतो. पण पाचातली दोन नावं तरी आकड्यावर ठेवा. त्यावर मी ठाम आहे.

निपाणीची:
ठेवा. मग उरलेल्या तिनांत एक जण पान हिरवं करणारा हवा.