वाडी, बैठी चाळ, क्वार्टर : कामगारांच्या जुन्या घरांना म्हणायचं काय?

प्रश्न : कारखान्याने कामगारांसाठी ओळीने बांधलेल्या जुन्या, छोट्या घरांना मराठीत नेमका शब्द कोणता? इंग्रजीतल्या ‘कॉटेज’ला ‘कुटी’ म्हटलं की ऋषीमुनी डोळ्यांपुढे येतात.

उत्तर : आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडे ओळीला ‘बैठी चाळ’ आणि त्यातल्या एका घराला ‘क्वार्टर’. आजीचं क्वार्टर मला अजून दिसतं : दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं, दाराशी डालड्याच्या डब्यात तुळस. नोकरी लागली की क्वार्टर मिळायचं, नोकरी सुटली की सुटायचं. ‘घर’ म्हटलं की आजीला गावाकडचंच आठवायचं. हा फरक ‘कुटी’त कुठून येणार?

पण अख्ख्या वस्तीसाठी मला जास्त मोलाचा वाटतो तो ‘वाडी’ हा शब्द. शिंदेवाडी, मानेवाडी अशी नावं आपल्याकडे पूर्वापार आहेत : मूळ गावापासून थोडी लांब, एखाद्या घराण्याच्या नावाची वस्ती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून आले आणि औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी नांगरांचा कारखाना उभारला. त्या वस्तीला नाव मिळालं ते याच जुन्या वळणाचं, किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनही त्याच नावाचं झालं. कराडजवळ काचकारखान्याची, प्रभाकर कंदिलांची ओगलेवाडीही तशीच. तिथल्या स्टेशनाचं नाव मात्र कराडच राहिलं. नंतरच्या कारखान्यांभोवती ‘नगरं’ वसली. ‘नगर’मध्ये ऐट आहे, ‘वाडी’त शेजार आहे. माझं मत वाडीलाच.

एक गंमत : सांगलीत ‘वाडीला जाऊन आलो’ म्हटलं की लोक दत्ताचा प्रसाद मागतात, कारण तिथे वाडी म्हणजे नरसोबाची. आमच्या घरात मात्र वाडी म्हणजे कारखान्याच्या भोंग्याची, किर्लोस्करवाडी.

प्रश्नकर्ता : मग ‘कामगार वसाहत’ चालेल का?

उत्तर : लिहायला चालेल. पण आता ‘औद्योगिक वसाहत’ म्हणजे नुसत्या शेड. सांगलीजवळच्या कुपवाडच्या वसाहतीत सुट्टी झाली की कामगार गाडीला किक मारून आपापल्या गावी जातात. वसाहत म्हणायची, आणि राहायला कोणी नाही! म्हणून जुन्या घरांसाठी मी ‘बैठी चाळ’च लिहीन.

आणखी एक : आमच्याकडे साखर कारखान्याच्या घरांना ‘कॉलनी’ म्हणतात. पण कुठे राहता विचारलं तर उत्तर एकच, ‘कारखान्यावर’. शेतावर, मळ्यावर म्हणतो तसंच.