मदत हवी आहे: मित्रांची फॅन्टसी प्रीमियर लीग दिवाळीनंतर थंड पडते, काय करावं?

लेले_मैदान_विंगर (टिळकवाडी, बेळगाव)
आमची 11 जणांची एफपीएल (फॅन्टसी प्रीमियर लीग) आहे, म्हणजे इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू निवडून टीम लावायची, ते मैदानात जे करतात त्याचे गुण आपल्याला. बेळगाव, खानापूर, निपाणीचे मिळून सगळे फुटबॉलवेडे. ऑगस्टमध्ये ग्रुपवर मेसेजचा पाऊस, पण दिवाळी झाली की चार-पाच जण टीम उघडतच नाहीत. लीग क्लासिक आहे, म्हणजे हंगामभराच्या गुणांची बेरीज. पहिला नंबर दीडशे गुणांनी पुढं गेला की खालच्यांना वाटतं, आता कशाला बघायचं. पैसे लावत नाही, लावायचेही नाहीत. मे महिन्यापर्यंत सगळे खेळत राहतील असं काय करता येईल? टीम लावायची शेवटची वेळ, म्हणजे डेडलाइन, पण चुकते बऱ्याच जणांची.

शहापूरचा_स्टॉपर
दादा, क्लासिकच्या जोडीला हेड-टू-हेड लीग काढा. टीम तीच राहते, दोन्हीकडं चालते. दर आठवड्याला एकाशी सामना, जिंकलं तर 3, बरोबरी 1. तुमचे 40 आणि समोरच्याचे 38 झाले तरी पूर्ण 3 गुण. शेवटच्या नंबरवाल्यालाही शनिवारी हरवायला कोणीतरी असतं, आणि खरी गंमत तिथंच आहे. एरवी कोण बघणार ब्रेंटफर्ड-फुलहॅम? पण समोरच्याचा गोली त्यात असला की 90 मिनिटं जागचं हलवत नाही.

तुम्ही 11 म्हणजे विषम. त्यामुळं दर आठवड्याला एकाची गाठ ‘अ‍ॅव्हरेज’ नावाच्या, सरासरी गुणांच्या टीमशी पडेल. ती चूक नव्हे, तसंच असतं.

हंगाम अर्धा झाला असेल तर नवी क्लासिक लीग काढा आणि सुरुवातीचा आठवडा 20 वा ठेवा. त्या तक्त्यात सगळे शून्यापासून.

निपाणी_मिडफिल्ड
डेडलाइन पहिल्या मॅचच्या 90 मिनिटं आधी असते, पण ती वेळ इंग्लंडच्या घड्याळाची. शनिवारची पहिली मॅच तिकडं साडेबाराला असली तर आपल्याकडं उन्हाळी वेळेत दुपारी 3:30 ला कुलूप, हिवाळी वेळेत 4:30 ला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं तेव्हा एक तास जास्त मिळतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं आणि साडेचारची सवय लागलेले सगळे फसतात. शुक्रवारी रात्री मॅच असेल तर रात्री 11 किंवा 12 ला डेडलाइन. शनिवारी टीम लावू म्हणणाऱ्याचा आठवडा गेलाच. ग्रुपवर आदल्या संध्याकाळी आपल्या वेळेत मेसेज टाका. जांबोटी-कणकुंबीकडं जाणाऱ्यांनी तर आदल्या दिवशीच टीम लावून ठेवावी, ऐनवेळी रेंज मिळेलच असं नाही.

लेले_मैदान_विंगर
धन्यवाद! ज्यांची टीम दोन महिने पडून आहे, निम्मे खेळाडू जखमी, त्यांनी कसं सावरायचं?

खानापूर_कीपर
पहिलं म्हणजे, घाबरून सहा-सात जण एकदम विकू नका. फुकटच्या ट्रान्सफर (खेळाडू बदलायची संधी) 5 पर्यंत साठतात, पडून असलेल्या टीमकडं तेवढ्या असतीलच. त्यावरच्या प्रत्येकीला 4 गुण कापले जातात.

किंमतही बघा. 7.5 ला (गेममधले दशलक्ष पौंड) घेतलेला खेळाडू 7.8 झाला तर विकताना 7.6 च मिळतात, कारण नफ्याचा अर्धाच भाग देतात आणि तोही खाली धरून. परत घ्यायचा तर 7.8 मोजा. चांगला खेळाडू एका वाईट मॅचसाठी सोडला की असं नुकसान.

टीम पारच मोडली असेल तर वाइल्डकार्ड, म्हणजे गुण न कापता हवे तेवढे खेळाडू बदलायची चिप (खास सवलत). 2025-26 च्या नियमात सगळ्या चिप्स दोनदा मिळतात, पण पहिला संच 19 व्या आठवड्याच्या डेडलाइनआधी वापरायचा, नाहीतर वाया. नोव्हेंबरमधली आंतरराष्ट्रीय सुट्टी त्याला उत्तम. मॅच नसतात, विचाराला दोन आठवडे मिळतात आणि थंड पडलेला माणूस पुन्हा गुंततो.

लेले_मैदान_विंगर
अजून एक. सगळे एकच कॅप्टन (ज्याचे गुण दुप्पट होतात) लावतात, मग फरकच पडत नाही.

शहापूरचा_स्टॉपर
कॅप्टन मोठाच ठेवा, फरक बचावात पाडा. त्याच नियमात बचावपटूनं टॅकल, ब्लॉक, क्लिअरन्स, इंटरसेप्शन मिळून 10 केले की 2 गुण मिळतात. समजा टीम 0-2 हरली, पण तुमचा स्टॉपर (मधला बचावपटू) पूर्ण खेळला आणि 10 चा आकडा गाठला. खेळल्याचे 2, दोन गोल खाल्ल्याचा वजा 1, त्यात हे 2, म्हणजे 3. हरूनही! म्हणून 4.5 चा सतत दबावाखाली असलेला स्टॉपर बघा, विंगबॅकमागं (कडेनं पुढं धावणाऱ्या बचावपटूमागं) धावू नका.

व्हाइस-कॅप्टन नीट निवडा, पण एक लक्षात घ्या: कॅप्टन एक मिनिट जरी खेळला तरी व्हाइसचे गुण दुप्पट होत नाहीत. 88 व्या मिनिटाला बदली आला तर 1 चे 2, बस्स. म्हणून दुखापतीतून नुकताच उठलेला कॅप्टन टाळा.

निपाणी_मिडफिल्ड
बेंचवरच्या राखीव खेळाडूंचा क्रम पण सांगा त्यांना. बदली त्याच क्रमानं आत येतो, फक्त निदान तीन बचावपटू आणि एक फॉरवर्ड राहायला हवेत आणि गोलीच्या जागी गोलीच.

लेले_मैदान_विंगर
हेड-टू-हेडचा कोड आजच ग्रुपवर टाकतो. पहिला सामना खानापूर विरुद्ध निपाणी पडला तर इथं कळवतोच.