मदत हवी आहे: कालुझा-क्लाइनमध्ये इलेक्ट्रॉन इतका हलका कसा?

मंडळी, कोणी फिजिक्सवालं असेल तर प्लीज सांगा, कालुझा-क्लाइन थिअरीत (जादा मिती घेऊन गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र मांडणारी थिअरी) एका जागी अडकलोय.

कालुझाची 1921 ची आयडिया मला फार म्हणजे फारच सुंदर वाटते. जनरल रिलेटिव्हिटी (आइन्स्टाईनची गुरुत्वाकर्षणाची थिअरी) चारऐवजी पाच मितींत लिहायची, मग मेट्रिकचे (अंतरं ठरवणारा टेन्सर) 15 घटक होतात, त्यातले 10 गुरुत्वाकर्षणाचे, 4 विद्युतचुंबकत्वाचे आणि एक स्केलर (दिशा नसलेलं क्षेत्र) उरतो, आणि मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणं आतूनच बाहेर पडतात! नंतर 1926 ला ऑस्कर क्लाइनने पाचवी मिती बारीक वर्तुळात गुंडाळली, त्या दिशेचा मोमेंटम म्हणजेच चार्ज, वर्तुळ असल्यामुळे मोमेंटम ठरावीक पटीतच येतो म्हणून चार्जही तसाच. इथपर्यंत पटलं.

पण इलेक्ट्रॉनचा चार्ज बरोबर यायचा तर वर्तुळ जवळपास प्लँक लांबीइतकं (साधारण 10⁻³⁵ मीटर) इवलंसं लागतं, आणि मग त्याच मोमेंटममुळे कणाचं वस्तुमान प्लँक वस्तुमानाच्या (प्लँक लांबीशी जोडलेलं, कणांच्या मानाने प्रचंड वस्तुमान) आसपास जातं. खरा इलेक्ट्रॉन तर 0.511 एमईव्हीचा (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), म्हणजे वीस-एकवीस शून्यांचा फरक!! हे नक्की कुठे सुटतं? भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटेनने 1981 ला दाखवलं की स्टँडर्ड मॉडेलच्या (मूलकणांची मान्य थिअरी) सिमेट्रीसाठी किमान 7 जादा मिती लागतात, एकूण 11, तर तिथे चार्ज असलेला पण वस्तुमान नसलेला कण मिळू शकतो का, आणि वर्तुळावर का मिळत नाही?

आणि तो स्केलर स्थिर धरला की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांवर एक जाचक अट येते, त्याचं काय करतात?

गणित असलं तरी चालेल, टेन्सर येतात मला.